वशिला न चालणारी तिजोरी

बेळगावच्या खडेबाजारात कुणावर विश्वास ठेवायचा झाला, तर आधी एकच प्रश्न विचारतात : "तुम्ही कुणापैकी?" उत्तर पटलं की पुढचं सगळं सोपं. अमक्या गल्लीतले, तमक्यांचे जावई, आमच्या आत्याच्या शेजारचे, एवढा धागा लागला की चार साड्या पसंतीसाठी घरी नेता येतात, पैसे पुढच्या बुधवारी दिले तरी चालतात, आणि चहा तर तोवर आलेलाच असतो. कागद नाही, सही नाही. माणूस माहितीतला असला की झालं.

या बाजाराला आता क्लाउडवरच्या पासवर्ड मॅनेजरवर विश्वास ठेवायला सांगतात. एक ॲप घ्या, बँकेपासून वीजबिलापर्यंतचे सगळे पासवर्ड त्यात भरा, ते दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन बसतील, तुम्ही फक्त एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवा. खडेबाजार विचारतो, "कुणापैकी?" उत्तर येतं : बिटवॉर्डन, सँटा बार्बरा, कॅलिफोर्निया. नाहीतर वनपासवर्ड, टोरांटो, कॅनडा. आता टोरांटोत टिळकवाडीतल्या निम्म्या घरांची पोरं आहेत, पण त्यातलं एकही या कंपनीत निघत नाही. ओळख लागली नाही, विषय संपला.

विषय संपतो, पासवर्ड संपत नाहीत. साधा कापड दुकानदार घ्या. जीएसटीचा एक, प्राप्तिकराचा एक, ई-वे बिलाचा एक, दोन बँकांचे दोन, हेस्कॉमच्या वीजबिलाचा एक, रेल्वे तिकिटाचा एक, जीमेलचा एक, आणि मुलीच्या शाळेच्या ॲपचा एक, जो फक्त फी भरायच्या दिवशी विसरतो. एवढे पासवर्ड माणसाच्या डोक्यात राहत नाहीत. डोक्यात उधारी असते.

म्हणून खडेबाजारात पासवर्ड मॅनेजर पूर्वीपासूनच आहेत. ते क्लाउडवर नाहीत इतकंच. ते भिंतीवर आहेत, गल्ल्याखाली आहेत आणि पहिल्या मजल्यावर आहेत.

भिंतीवरचा म्हणजे कालनिर्णय. 1973 पासून मराठी घरातली सगळी गोपनीय माहिती याच कागदावर जाहीर केलेली असते. दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात नेटबँकिंगचा पासवर्ड. सुरक्षिततेची काळजी घेतलेली असते. 'बँक' असं लिहीत नाहीत, 'बँ.' असं लिहितात. या पद्धतीत दोष एकच. दर 1 जानेवारीला तिजोरी खिळ्यावरून उतरते आणि रद्दीवाला ती किलोवर नेतो.

गल्ल्याखालची ती डायरी. हिच्यात पासवर्डचा शेवटचा आकडा लिहायचा नाही, तो मनात ठेवायचा, अशी युक्ती असते. सगळ्या पासवर्डचा शेवटचा आकडा 3 असतो, हे दुकानातल्या नोकरासकट सगळ्यांना माहीत असतं. याच दुकानात आजोबांच्या काळात चोपड्या मोडीत लिहायचे. त्या आजही माळ्यावर आहेत आणि नातवाला त्यातलं एक अक्षर लागत नाही. माहिती इतकी सुरक्षित झाली की वारसच बाहेर राहिले.

आणि पहिल्या मजल्यावर बसतात ते टॅक्सवाले. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि खालच्या दुकानांचे सगळे पासवर्ड अरुंद जिन्यावरून वर चढले. वर एक संगणक, त्यात एक एक्सेल फाइल, आणि त्या फाइलमध्ये निम्मा बाजार. गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून पासवर्ड एकाच साच्यातले : दुकानाचं नाव, ॲटची खूण, 123. म्हणजे दुकानाच्या पाटीवर पासवर्ड मोठ्या अक्षरात, कानडी, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत रंगवलेला असतो. चोराने फक्त पुढे 123 लावायचं. क्लाउडवर विश्वास नाही म्हणणाऱ्या दुकानदाराला विचारा, तुमचा जीएसटीचा पासवर्ड काय? तो प्रामाणिकपणे सांगतो, "मला काय ठाऊक? ते वर असतंय." यालाच क्लाउड म्हणतात.

राहता राहिला ओटीपी. आपल्याकडच्या बाजारांत एकेकाळी रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून सौदे होत. शेजारी उभ्या असलेल्या दलालालाही भाव कळू नये एवढी गुप्तता. आज त्याच बाजारात वरच्या खिडकीतून हाक येते, "अण्णा, ओटीपी आला काय?" आणि खालून अण्णा सहाच्या सहा आकडे ठणठणीत आवाजात सांगतात. एक आकडा ऐकू आला नाही तर समोरचा चप्पलवाला दुरुस्ती करतो.

आता पासवर्ड कसे असतात ते बघू. मराठी माणसाची या बाबतीतली भावना उदात्त आहे. देव किंवा महाराज, यांच्याखाली तो उतरत नाही. पण महाराजांचा पासवर्ड ठेवायचा तर जन्मसाल कोणतं? बेळगावात शिवजयंती वैशाखात, चित्ररथ काढून साजरी होते. ती तिथी 1627च्या हिशेबातली. सरकारी जयंती 19 फेब्रुवारीला, म्हणजे 1630. घरात वडील 1627चे आणि मुलगा 1630चा असला, तर खातं तीन प्रयत्नांत बंद पडतं आणि इतिहासावरची चर्चा जेवणापर्यंत चालते. चोराला मात्र कुठलाच पक्ष घ्यावा लागत नाही. तो दोन्ही सालं घालून बघतो.

विसरलात तर सुरक्षेचा प्रश्न विचारतात. तुमचं जन्मगाव कोणतं? हा प्रश्न ज्यानं काढला तो सीमाभागात कधी आला नसावा. 31 ऑक्टोबर 2014च्या रात्री आम्ही झोपलो ते इंग्रजीतल्या 'बेलगाम'मध्ये आणि 1 नोव्हेंबरला उठलो ते 'बेलगावी'मध्ये. घर तेच, गल्ली तीच, उत्तर चूक. दुसरा प्रश्न, आईचं माहेरचं आडनाव. याला ते गुप्त माहिती समजतात! आमच्याकडे तुमचं स्वतःचं आडनाव एखाद्याला ठाऊक नसेल, पण तुमच्या आईचं माहेर कुठलं, तिच्या लग्नात मांडे कमी कुणामुळे पडले आणि कुठला मामा रुसला, हे गल्लीतली कुठलीही बाई पत्रिकेसकट सांगेल.

हे हसण्यावारी न्यायचं कारण नाही, कारण चोर गल्लीतला नसतो. 2009 साली कॅलिफोर्नियातल्या रॉकयू नावाच्या कंपनीकडून 3 कोटी 20 लाख पासवर्ड चोरीला गेले. कंपनीने ते जसेच्या तसे, उघडे ठेवले होते. यादी बघितली तर पहिला नंबर 123456चा. म्हणजे या बाबतीत खडेबाजार आणि कॅलिफोर्निया सख्खे भाऊ. अशा याद्या एकदा फुटल्या की चोर तेच पासवर्ड दुसऱ्या दारांना लावून बघतात. तुम्ही रेसिपीच्या ॲपला आणि बँकेला एकच पासवर्ड ठेवला असेल, तर बँकेवर दरोडा घालायची गरज उरत नाही. रेसिपीचं ॲप फुटलं की पुरे. आणि हा धंदा नवा नाही. संगणकाला पासवर्ड लावायची पद्धत एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या यंत्रणेत 1960च्या दशकाच्या सुरुवातीला आली. 1962 साली ॲलन शेर या तिथल्याच विद्यार्थ्याने पासवर्डची अख्खी यादी छापून घेतली, कारण त्याला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरत नव्हता. पहिला चोर घरचा होता, शिकलेला होता, आणि त्याला काम जास्त करायचं होतं.

म्हणून दर खात्याला वेगळा, लांब, अर्थ नसलेला पासवर्ड हवा, आणि तो माणसाला आठवायला लागू नये. एवढ्यासाठी पासवर्ड मॅनेजर. पण त्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

इथं खडेबाजाराला खरा धक्का बसतो. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक तुमची, एक बँकेची. इथं कंपनीकडे किल्लीच नसते. तुम्ही मुख्य पासवर्ड टाइप करता, तो तुमच्याच फोनवर गणिताच्या चरकातून फिरतो (बिटवॉर्डनमध्ये मूळ मांडणीत 6 लाख वेळा), त्यातून किल्ली तयार होते, तिनं सगळा ऐवज तिथंच कुलूपबंद होतो आणि मगच तो बाहेर पडतो. कंपनीला मिळतो तो नुसता अक्षरांचा चिवडा. तो कंपनीच्या मालकालाही वाचता येत नाही.

"म्हणजे मी मुख्य पासवर्ड विसरलो तर?"

तर गेलं.

"साहेबांना भेटलं तर?"

साहेबांना उघडता येत नाही.

"वरून कुणाचा फोन लावला तर?"

वरच्यांनाही येत नाही.

आमचा माणूस इथं हताश होतो. आमदारापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळी वजनं वापरून जे उघडत नाही, असं जगात काही असू शकतं, हे त्याच्या अनुभवाच्या बाहेरचं आहे. पण जरा थांबून विचार केला तर लक्षात येतं की विश्वास ठेवायला हाच एक चांगला आधार आहे. ज्याच्या हातात तुमचं उघडायची सोय आहे, त्याचा स्वभाव बघावा लागतो, घराणं बघावं लागतं, त्याचा मुलगा कसा निघतोय तेही बघावं लागतं. ज्याच्या हातात ती सोयच नाही, त्याला 'कुणापैकी' विचारायचं कारण उरत नाही.

सीमाभागातल्या माणसाला यात आणखी एक सुख आहे. बिटवॉर्डनवर खातं काढताना ते विचारतं : तुमचा ऐवज अमेरिकेतल्या सर्व्हरवर ठेवू की युरोपातल्या? कुठं राहायचं, असं 1956 पासून आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. राज्यं झाली, महाजन आयोग येऊन गेला, 2004 पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि इथं एक परदेशी कंपनी न मोर्चा, न साक्षीपुरावा, यादी पुढं करते आणि म्हणते, हवा तो प्रदेश निवडा. दोन्ही नको असतील तर तिसरा पर्यायही आहे, स्वतःच्या सर्व्हरवर स्वतःच ठेवा. म्हणजे केंद्रशासित, फक्त केंद्र तुम्हीच. त्यात बॅकअप तुमचा, दुरुस्ती तुमची, आणि भर उन्हाळ्यात लाईट गेली की जबाबदारीही तुमची. ज्यांना संगणकाचा छंद नाही त्यांनी या चळवळीत पडू नये. 'आमचे पासवर्ड परराज्यात का?' म्हणून कुणी तक्रार केली तर त्यांना निपाणी दाखवावी. तिथली पोरं देवचंद कॉलेजला जाताना रोज राज्य ओलांडतात, कारण कॉलेज अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात. संध्याकाळी सगळी धडपणे घरी येतात.

आता शंका काढणारे काढणारच, आणि त्यांच्याकडे दाखला भक्कम आहे. लास्टपास. 2008 पासूनची, याच धंद्यात नाव कमावलेली कंपनी. 2022च्या ऑगस्टमध्ये तिनं सांगितलं, थोडी घुसखोरी झाली, ग्राहकांचं काही गेलं नाही. नोव्हेंबरमध्ये सांगितलं, थोडं काही गेलं. 22 डिसेंबरला, जग नाताळच्या सुट्टीला निघालं असताना सांगितलं, ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच गेल्या. आपल्याकडे उधारी बुडाल्याची बातमी घरात जशी हप्त्या-हप्त्यानं सांगतात, तीच पद्धत.

चोरी झाली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. या प्रती ठेवलेल्या साठ्याच्या किल्ल्या अवघ्या चार अभियंत्यांकडे होत्या. चोरांनी कचेरीच्या भिंती फोडल्या नाहीत. त्यांनी चौघांपैकी एकाचा घरचा संगणक गाठला. त्यावर सिनेमे-गाणी लावायचं एक सॉफ्टवेअर होतं, अपडेट न केलेलं. त्यातून आत शिरून त्यांनी तो टाइप करत असलेला मुख्य पासवर्डच टिपला. अपडेटची सूचना आली की 'नंतर आठवण करा' दाबणाऱ्या समस्त बंधू-भगिनींनी याची नोंद घ्यावी.

मग क्लाउड नको, हेच सिद्ध झालं ना? अर्धंच. तिजोऱ्या गेल्या, पण त्या कुलूपबंद होत्या. ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब आणि वेगळा होता, त्यांच्या तिजोरीपुढं चोर वर्षानुवर्षं बसले तरी फार काही हाती लागायचं नाही. ज्यांचा आखूड आणि अंदाज बांधता येईल असा होता, त्यांची तिजोरी चोरांना नुसतं डोकं चालवून उघडण्यासारखी होती. त्यातून आणखी एक गोम बाहेर आली : आतले पासवर्ड कुलूपबंद असले, तरी कुठल्या कुठल्या वेबसाइटचे ते आहेत, हे पत्ते उघडेच होते. म्हणजे कुणाचं खातं कुठं आहे, याची यादी चोराला फुकट मिळाली.

हा धडा जुनाच आहे. 1883 साली ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञानं फ्रेंच लष्करी नियतकालिकात एक नियम मांडला. गुप्तलेखनाची यंत्रणा अशी असावी की ती अख्खी शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. गल्ल्याखालच्या डायरीचं सगळं सामर्थ्य ती कुठं आहे हे कुणाला ठाऊक नसण्यात आहे, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून पासवर्ड मॅनेजर निवडताना विचारायचा प्रश्न हा, की तुमच्याकडची सगळी तिजोरी उद्या चोरानं उचलून नेली, तर माझं काय होईल? या प्रश्नाला 'आमच्याकडे चोरी होतच नाही' असं उत्तर देणाऱ्याच्या दुकानातून आधी बाहेर पडावं.

निवड करताना बाकी हिशेब सोपा आहे. बिटवॉर्डन 2016 पासून आहे, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, आणि त्याची फुकट योजना कितीही पासवर्ड, कितीही फोन-संगणकांवर चालवू देते. 'फुकट' म्हटलं की खडेबाजाराचे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. फुकट देणारा दुसरीकडून काढतोच. हे काढतात ते कंपन्यांकडून आणि जास्तीच्या सोयी घेणाऱ्यांकडून. वनपासवर्ड फुकट नाही, पण तिथं मुख्य पासवर्डबरोबर तुमच्या उपकरणावर आणखी एक लांबलचक गुप्त किल्ली असते. नुसती तिजोरी पळवून किंवा नुसता पासवर्ड ओळखून भागत नाही. क्लाउड मुळीच नको असलेल्यांसाठी 2003 पासूनचं कीपास आहे, त्यात तिजोरी म्हणजे तुमच्याच संगणकावरची एक फाइल. संगणक बिघडला आणि प्रत काढलेली नसली, की कंपनीला शिव्या देण्याचं समाधानही मिळत नाही. आणि अँड्रॉइड फोनमध्ये 'पासवर्ड सेव्ह करू?' या प्रश्नाला तुम्ही गेली कित्येक वर्षं हो म्हणत आलाय, म्हणजे गुगलच्या क्लाउडवर तुमचे पासवर्ड केव्हाच पोचले. फक्त फोनचा पिन 1234 आहे, तो तेवढा बदला.

या सगळ्याच ॲपचा एक गुण मात्र माणसापेक्षा सरस आहे. 'तुमचं खातं आज रात्री बंद होईल' असा मेसेज येतो, खाली लिंक असते, उघडली की हुबेहूब बँकेचं पान. आपण घाबरून भरायला लागतो. पासवर्ड मॅनेजर पान बघतच नाही, तो पत्ता बघतो. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडं असलं तर तो पासवर्ड पुढं करत नाही, गप्प बसतो. अशा वेळी त्याच्यावर चिडून हातानं पासवर्ड भरू नये. खडेबाजार या एकाच पत्त्यानं मागवलेलं पार्सल शहापूरच्या खडेबाजारात फिरून आल्याचा अनुभव ज्याला आहे, त्याला पत्ता तपासण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

शेवटी वारसाचा मुद्दा, कारण आमच्याकडे कुठलाही विषय तिथं येतोच. बिटवॉर्डनच्या पैसे भरून घेतलेल्या योजनेत संकटकाळी प्रवेश देण्यासाठी एक विश्वासू माणूस नेमता येतो. त्यानं अर्ज केला की तुम्ही ठरवलेले दिवस वाट बघायची. तेवढ्यात तुम्ही नकार दिला नाही, तर दार उघडतं. कल्पना उत्तम. पण थोरल्याला नेमलं तर धाकटी सून बोलायची बंद होते, म्हणून खडेबाजारात ही सोय बायकोच्या नावे करण्याचा प्रघात पडेल असं वाटतं. योजना घेतली नसेल, तर मुख्य पासवर्ड कागदावर लिहा, पाकीट बंद करा आणि घरच्या कपाटात कागदपत्रांत ठेवा. घरातलं पाकीट चोरायला चोराला विमानाचं तिकीट काढावं लागेल. बहुतेक चोरांना ते परवडत नाही.

तेव्हा एवढं करा. यातला एक निवडा. कुठला, यावर महिनाभर चर्चा करू नका. मुख्य पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा ठेवा. त्यात देव नको, महाराज नकोत, पिनकोड नको आणि 123 तर मुळीच नको. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिणार असाल तर 'गल्ली'च्या शेवटी काय लिहिलंत ते कागदावर पक्कं करा, नाहीतर स्वतःच्याच शुद्धलेखनापुढं हराल. आधी बँक आणि ईमेल यांचे पासवर्ड बदला, बाकीचे सवडीनं. ओटीपी मनात वाचा. आणि तो मुख्य पासवर्ड कुणालाही सांगू नका, टॅक्सवाल्यांनासुद्धा नाही. ते मागतील, चहाही पाजतील, तरीही नाही.